सुळके जुळत नाहीत

१

धाकटी नुकतीच आली होती. हातातली पिशवी खुर्चीला अडकवत असतानाच भिंतीपलीकडून ताईचा आवाज आला.

"अगं, कुणी आहे का?"

ताई ओरडली नव्हती. पण ज्या सुरात ती हे म्हणाली, तो नेहमीचा नव्हता. ती धावत अंधाऱ्या खोलीच्या दाराशी गेली. दारावरचा लाल दिवा बंद होता. लेसरचा झोत चालू असला की तो पेटायचाच, म्हणून तिने बेधडक दार ढकललं.

ताई जमिनीवर बसली होती, टेबलाला पाठ लावून. उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरलेला.

"आत येऊ नकोस," ताई म्हणाली. "झोत चालू आहे. आधी झडप पाड."

दाराजवळच्या पेटीवर झोत अडवणाऱ्या झडपेची खटकी होती. ती वर होती. म्हणजे झडप उघडी. धाकटी नुसती बघत राहिली. तिचा हात उचलेना. मागून सर आले, त्यांनी तिला बाजूला सारून खटकी खाली ओढली आणि ताईला उठवलं.

"दिवा बंद होता, म्हणून चष्मा घातला नाही," ताई सांगत होती. "टिकलीवर काहीतरी जांभळं चमकलं. काय आहे बघावं म्हणून वाकले."

त्या लेसरचा झोत डोळ्यांना दिसत नाही. जांभळ्याच्याही पलीकडचा प्रकाश तो. पांढरी भुकटी दाबून केलेल्या बटणाएवढ्या टिकलीला तो काही करत नाही, पण टिकलीच्या पोलादी कड्यावरून उसळून डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. डॉक्टरांनी डोळ्यावर पट्टी बांधली. पट्टी काढल्याशिवाय नजर किती राहील ते सांगता येणार नाही, म्हणाले.

तळघरातल्या त्या प्रयोगशाळेत माणसं मोजकी. प्रमुख म्हणजे सर. त्यांच्या हाताखाली ताई, ती बरीच वर्षं तिथे होती. सगळ्यात नवी म्हणून सगळे जिला धाकटी म्हणत ती. यंत्रं सांभाळणारे मामा. आणि त्या आठवड्यात दुसऱ्या संस्थेतून आलेला एक संशोधक, ज्याला सगळे पाहुणा म्हणत.

ताईला नेल्यावर मामांनी खोलीला कुलूप घातलं आणि दारावर आडवी पट्टी चिकटवली.

"मामा, मला टेबल तेवढं आवरू द्या," सर म्हणाले.

"तपास होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. नियम तुम्हीच केलाय, सर."

मामा वळले, त्यांनी धाकटीकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "काल संध्याकाळी शेवटी आत कोण होतं?"

शेवटी आत धाकटीच होती.

२

सरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. स्वतः उठून पाणी दिलं.

"हे बघ बाळ, माणूस विसरतो. दमलेली असतेस तू. खटकी राहिली असेल वर."

"मी पाडली होती, सर. मला वाटतं, पाडली होती."

"वाटतं?"

रोज करायची गोष्ट कोण लक्षात ठेवतं? खटकी खाली ओढल्याचं चित्र तिच्या डोळ्यासमोर येत होतं, पण ते कालचं की परवाचं, की गेल्या महिन्यातलं?

"उद्या सुरक्षा तपासनीस येतील," सर म्हणाले. "सरळ सांगून टाक की विसरले. मी तुझ्या पाठीशी आहे. पदवीचं तुझं काही बिघडू देणार नाही. पण नाही नाही म्हणत बसलीस आणि पुढे काही निघालं, तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

ते इतक्या मायेने बोलत होते, तरी तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

घरी आई शिवणयंत्रावर बसली होती. धाकटीने चहा केला, गॅस बंद केला, दोन पावलं गेली, परत येऊन बटण चाचपलं. पुन्हा गेली, पुन्हा आली.

"बंद आहे गं," आई सुई ओवता ओवता म्हणाली. "किती वेळा बघशील?"

"आई, मला नीट आठवत नाही असं कधी झालंय का?"

आईने दोरा तोडला. "तुला? माझ्या गिऱ्हाइकांची मापं मी विसरते, तू सांगतेस."

पण त्या बोलण्यानेही तिचा जीव थाऱ्यावर आला नाही. डोळे मिटले की ताईचा तळहात दिसायचा. आपल्यामुळे ताई आंधळी झाली तर काय करायचं, या प्रश्नाशी येऊन सगळे विचार ठेचकाळत होते. शेवटी तिने ठरवलं, सर म्हणतात तसं सांगून टाकायचं. निदान हे जीव टांगणीला लागणं तरी संपेल.

३

तपासनीस बाई ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, आवाजाने मऊ. येताना स्वतःच्या सपाता घेऊन आल्या होत्या. दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेतल्या सपाता कधी मापाच्या नसतात, म्हणाल्या. त्यांनी सगळ्यांना एकेक करून बोलावलं, पण धाकटीला आधी.

"बाई, मी विसरले," धाकटीने खुर्चीत बसायच्या आत सांगितलं.

"काय विसरलीस?"

"झडप पाडायची."

"विसरलेली गोष्ट तुला आठवते?" बाईंनी चष्मा पुसायला घेतला. "झडपेचं राहू दे. परवा संध्याकाळी शेवटचं काय केलंस, ते सांग."

"टिकलीवर झोत मारला. पडद्यावरच्या आलेखात सुळके आले. ते साठवले. संगणक बंद केला. दार लावलं."

"दार लावताना वरचा दिवा?"

धाकटीने मनातल्या मनात दार लावलं, किल्ली फिरवली, वर बघितलं. "बंद होता."

"खात्री?"

"तो पेटलेला असता तर किल्ली फिरवताना हातावर लाल उजेड पडला असता. रोज झोत चालू असताना बाहेर आले की पडतो. परवा नव्हता."

बाईंनी मामांना बोलावून शिडी आणायला सांगितलं. मामांचा चेहरा पडला. दिव्यावरून ताईची आणि त्यांची आठवड्यापूर्वीच चांगली जुंपली होती. तो लुकलुकतो आणि तुम्ही बदलत नाही, असं ताई म्हणाली होती. "त्यानंतर नवा घातला मी," शिडीवर चढता चढता मामा पुटपुटत होते. "आता सगळे म्हणणार मामांचंच पाप." त्यांनी बल्बला हात लावला आणि तसेच थांबले.

"बाई, बल्ब गेलेला नाही. सैल केलाय."

त्यांनी तो दोन आटे घट्ट केला. बाईंनी त्यांना खाली उतरायला सांगितलं आणि त्या पाहुण्याकडे वळल्या.

पाहुणा अस्वस्थ होता. त्याने जे होतं ते सांगून टाकलं. सरांनी जगाला सांगितलं होतं की ही भुकटी दाबून केलेली टिकली अगदी कमजोर झोतानेही लेसरसारखी उजळते. पाहुण्याच्या संस्थेत तीच कृती करून एकही टिकली उजळत नव्हती. म्हणून तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आला होता. ताई त्या सकाळी त्याच्यासमोर मोजमाप करणार होती. "आणि नसतं जमलं तर मी खरा ठरलो असतो," तो म्हणाला. "म्हणजे माझ्यावरही संशय येणार. पण माझ्याकडे खोलीची किल्ली नाही."

सर सगळ्यात शेवटी आले. बाईंनी त्यांना इकडचं तिकडचं विचारलं. धाकटी दाराशी उभी होती.

"बाहेरच्या भिंतीवर ज्या पहिल्या टिकलीचा तक्ता लावलाय, ती कुठे असते हो?"

"ती तुटली. प्रवासात," सर म्हणाले. "फार जुनी गोष्ट. ताईसुद्धा सारखी मागायची. हो ना गं?"

धाकटीने मान हलवली. ताई खरंच मागायची, आणि तिला हेच उत्तर मिळायचं.

सर गेल्यावर बाई धाकटीला म्हणाल्या, "विसरणारा माणूस बल्ब सैल करत नाही. त्यामुळे तू जरा नीट श्वास घे."

पण धाकटीला श्वास घेता येईना. ती विसरली नसेल, तर त्या चार भिंतींतल्या कुणीतरी हे केलं होतं, आणि तो माणूस आत्ताही इथेच हिंडत होता.

४

दुपारी बाईंनी पट्टी काढून खोली उघडली. सगळ्यांना चष्मे घालायला लावून आत घेतलं. कड्यात पांढरी टिकली तशीच बसलेली होती.

"मला जुनं आठवतंय तेवढं सांगते, चुकलं तर सुधारा," बाई म्हणाल्या. "साध्या लेसरला दोन आरसे लागतात. प्रकाश मधे येरझाऱ्या घालून बळावतो. इथे आरसे नाहीत. या भुकटीचे कण इतके बारीक की प्रकाश आत शिरला की गर्दीत हरवलेल्या माणसासारखा या कणावरून त्या कणावर आपटत राहतो, आणि प्रत्येक कण त्यात थोडी भर घालतो. फिरता फिरता काही वाटा जमून जातात, आणि त्या ठरावीक रंगांत प्रकाश एकदम उसळतो. पडद्यावर ते सुळके दिसतात."

"बरोबर," पाहुणा म्हणाला. "आणि कण कसे बसलेत त्यावर सुळके कुठे येणार ते ठरतं. एकाच डब्यातल्या भुकटीच्या दोन टिकल्या केल्या तरी सुळके वेगळे."

"आणि टिकली तीच, जागा तीच, तर?"

"तर पुन्हा पुन्हा तेच. बोटांच्या ठशासारखं."

बाईंनी धाकटीला परवाचे, तिने शेवटी साठवलेले सुळके पडद्यावर आणायला सांगितले. मग काहीही न हलवता झोत सोडला. दारावरचा दिवा पेटल्याचं मामांनी बाहेरून सांगितलं.

पडद्यावर नवी रेघ उमटली. धाकटीच्या रेघेत एक रुंद टेकाड होतं आणि त्यावर दोनतीन दुबळे सुळके. या नव्या रेघेत शेजारी शेजारी दोन उंच सुळके होते, मग मोकळी जागा, आणि पुढे एक बुटका, एका बाजूने खांदा पडल्यासारखा.

"जुळत नाहीत," धाकटी म्हणाली.

"ताई पडली तेव्हा टेबलाला धक्का लागला असेल," सर म्हणाले.

"सुटी भुकटी असती तर मानलं असतं," बाई म्हणाल्या. "ही दाबून घट्ट केलेली आहे. टेबल हललं तरी आतले कण जागा सोडत नाहीत. जागा जरा सरकली असेल म्हणावं, तर बघू." त्यांनी बारीक स्क्रूने टिकली इकडेतिकडे सरकवून बघितली. धाकटीच्या रेघेसारखं काही कुठे आलं नाही. "म्हणजे ही ती टिकलीच नाही. धाकटी गेल्यानंतर कुणीतरी आत आलं, टिकली बदलली, ती चालते का ते झोत मारून बघितलं, आणि झडप उघडी टाकून गेलं. दिवा बाहेरच्यांना दिसू नये म्हणून बल्ब आधीच सैल केला होता."

कुणी कुणाकडे बघेना.

"टिकल्या सगळ्या धाकटीच बनवते," सर शांतपणे म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

५

बाईंनी सगळ्यांना बाहेर काढून खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. धाकटीला त्यांनी शेजारच्या संगणकाच्या खोलीत बसवलं. ही दुसरी टिकली पूर्वी कधी मोजली गेली असेल, तर तिचे सुळके जुन्या साठ्यात सापडतील; ते शोध, म्हणाल्या, आणि वरच्या मजल्यावर फोन करायला गेल्या.

धाकटी एकामागून एक रेघ बघत होती. खिडकी नसलेली ती खोली, पंख्याची घरघर, आणि पाठीमागे ती भिंत, जिच्यापलीकडे ताई पडली होती. दोन उंच, मोकळी जागा, एक बुटका. कुठेच नव्हतं.

भिंतीपलीकडे काहीतरी सरकलं.

तिला वाटलं भास झाला. मग स्टूल फरशीवर घासल्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट. कुलूपबंद खोलीत कुणीतरी होतं. सामानाच्या खोलीतून आत यायला एक अरुंद दार होतं, हे तिला आठवलं. पोलादी कड्याचा स्क्रू फिरत होता. तो आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता.

तिने मुठीने भिंतीवर ठोकलं.

"कोण आहे आत?"

पलीकडे सगळं थांबलं. ती ऐकत राहिली. तिकडूनही कुणीतरी तसंच ऐकत असणार. मग दार हळूच लागल्याचा आवाज आला.

ती बाहेर धावली. सामानाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बोळात पाहुणा हातात पाण्याचा पेला घेऊन उभा होता.

"आत्ता कोण गेलं इथून?" तिने विचारलं.

"मी आत्ताच जिन्यावरून उतरलो. काय झालं?"

त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, तिला कळेना. ती भिंतीला धरून उभी राहिली. तळव्याखाली काच लागली, म्हणून तिने वळून बघितलं. सरांचा तक्ता होता तो, ज्यामुळे प्रयोगशाळेचं नाव झालं होतं. रोज त्यावरून ती जायची. आज पहिल्यांदा तिने त्यातली रेघ वाचली.

शेजारी शेजारी दोन उंच. मोकळी जागा. एक बुटका, खांदा पडलेला.

"काय बघतेस?" अगदी कानाशी कुणीतरी विचारलं.

सर होते. पाहुणा निघून गेला होता.

"काही नाही, सर."

"दमलीस तू. घरी जा. मी बाईंना सांगतो." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला मशीनच्या तेलाचा वास येत होता.

हा माणूस उद्या तिच्या पदवीवर सही करणार होता. ती गप्प राहिली, तर ताईचा डोळा जन्मभर धाकटीच्या नावावर राहणार होता. बोलली, तर काय राहणार होतं कुणास ठाऊक. जिन्यात बाईंच्या सपातांचा आवाज आला. धाकटी धावत सुटली आणि त्यांच्यावर जवळजवळ आदळलीच.

"बाई, सरांनी टिकली नेली."

"नेली असेल तर कोरी चकती नेली," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून एक डबी काढून दाखवली. "टिकली मी मघाशीच काढून घेतली. आत कोण येतं ते बघायचं होतं मला. तुला सांगायला हवं होतं. एवढी घाबरशील असं वाटलं नाही."

"मला माहीत आहे ती कुणाची टिकली आहे," धाकटी म्हणाली, आणि हे बोलल्यावरही तिची भीती तसूभर कमी झाली नाही.

६

सगळे सरांच्या खोलीत बसले. बाईंनी तक्ता भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला, त्याशेजारी दुपारच्या रेघेचा छापील कागद.

"तू सांग," त्या धाकटीला म्हणाल्या.

तिने हात मांडीखाली घट्ट दाबून धरले.

"दोन्ही रेघा एकाच टिकलीच्या आहेत. जागासुद्धा तीच, कारण आम्ही काही न हलवता झोत मारला आणि हीच रेघ आली. ती जागा कुठली ते ज्याने पूर्वी मोजली त्यालाच माहीत. ही टिकली तुटली असं सरांनी आज आमच्यासमोर सांगितलं. बाकी कुणाला ती शाबूत आहे हे माहीतच नव्हतं. मग ती कड्यात ठेवणार कोण?"

"सामानाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आणि सरांकडे," मामा सावकाश म्हणाले. "खोलीला कुलूप लागल्यापासून मी बाईंबरोबर वर होतो."

"तू काय बोलतेयस ते तुला कळतंय का?" सरांनी धाकटीला विचारलं.

"हो," ती म्हणाली.

सरांनी खिशातून पांढरी कोरी चकती काढली आणि कागदावर ठेवली.

"ती एकच चालली," ते म्हणाले. "त्यात कण कसे बसले देव जाणे. कमजोर झोतात ती एकटी उजळली. मला वाटलं सगळ्या उजळतील, म्हणून तसं लिहून बसलो. नंतर किती बनवल्या, एकही नाही. हे पाहुणे येणार म्हटल्यावर मी जुनी आत ठेवली. ताईला कळलं नसतं, तिला वाटलं असतं धाकटीचीच आहे. झोत मारून बघत होतो, तेवढ्यात बोळात पावलं वाजली."

"माझी," पाहुणा म्हणाला. "तुम्ही सामानाच्या खोलीतून बाहेर आलात. आपण चहाला गेलो."

"गेलो. बोलण्याच्या नादात झडप राहिली, बल्बही सैल राहिला. मी विसरलो. ताईचं वाईट कधी माझ्या मनातही नव्हतं, शपथ घेऊन सांगतो. मी विसरलो."

"ते मी मानते," बाई म्हणाल्या. "पण सकाळी तिला जमिनीवर बघितल्यावर तुम्हाला आठवलं. आणि त्यानंतर तुम्ही या पोरीला बोलावून सांगितलंत की तू विसरलीस. ते विसरण्यात बसत नाही, सर."

सरांनी धाकटीकडे बघितलं. त्यांचा चेहरा इतका भ्यालेला होता की तिला वाटलं, गेले दोन दिवस आपणही अशाच दिसत असणार. तिने नजर वळवली.

७

ताईच्या डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा तिला उजेड दिसला, माणसांचे आकार दिसले. चेहरे नाहीत. बुबुळावरचा डाग थोडा निवळेल, पुढे शस्त्रक्रिया करून बघू, डॉक्टर म्हणाले. सरांनी पद सोडलं. पाहुण्याने जाण्याआधी धाकटीला आपल्या संस्थेत जागा देऊ केली. तिने अजून काही सांगितलं नव्हतं.

राहिलेलं मोजमाप कुणीतरी करायला हवं होतं. सकाळी ती मामांबरोबर खाली गेली. दारावरचा दिवा मामांनी तिच्यासमोर पेटवून, विझवून दाखवला. तिने चष्मा घातला, नवी टिकली कड्यात बसवली. खटकी वर करताना तिला मामांना जवळ उभं राहायला सांगावं लागलं.

कमजोर झोत. पडद्यावर रुंद टेकाड. तिने दुसरी टिकली लावली, मग तिसरी, डब्यातल्या सगळ्या. प्रत्येक वेळी खटकी खाली, मोठ्याने "पाडली", मग मामांचं "पाडली".

दुपारी ताईचा फोन आला.

"गेलीस आत?"

"गेले."

"भीती वाटली?"

"अजून वाटतेय."

"बरं. दिसलं काही?"

"नाही गं ताई. एकही उजळली नाही."

"मग तसंच लिही," ताई म्हणाली. "आणि खाली आपली दोघींची नावं घाल."